शिक्क्याआडचे मूल

दोन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. पाऊस धो धो कोसळत होता आणि घोडबंदर रोडवर गायमुखपासून वाहनांची रांग लागली होती. अशा संध्याकाळी दवाखान्यात पेशंट कमी येतात, आणि जे येतात ते भिजून, वैतागून येतात. साडेनऊच्या सुमारास कंपाउंडर शटर अर्धे खाली ओढत होता, तेवढ्यात कासारवडवलीकडचे एक ओळखीचे जोडपे आत आले. दोघांपैकी कोणीही आजारी दिसत नव्हते. बाईंनी ओढणीखाली जपून आणलेली प्लॅस्टिकची पिशवी उघडली, आतून एक फाईल काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

“डॉक्टर, हिला बघा,” त्या म्हणाल्या.

पहिल्याच पानावर दोन वर्षे चार महिन्यांच्या एका मुलीचा फोटो होता. भरपूर केस, कपाळावर आलेली बट आणि फोटो काढणाऱ्याकडे न पाहता कुठेतरी खाली, स्वतःच्या चपलेकडे लागलेली नजर.

हे जोडपे माझ्याकडे दहा-बारा वर्षे येत आहे. यजमान एका कंपनीत नोकरीला, बाई घरी शिकवण्या घेतात. एक मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या वेळी बाईंचे फार हाल झाले होते आणि दुसरे बाळंतपण नको, असे मीच सांगितले होते. पुढे त्यांनी मुलगी दत्तक घेण्यासाठी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवले. निरोगी, तान्हे बाळ हवे असेल तर तिथे तीन-तीन, साडेतीन वर्षे थांबावे लागते. वाट पाहता पाहता एके दिवशी बाईंची नजर यादीच्या दुसऱ्या भागाकडे गेली. ‘विशेष गरजा असलेली मुले’ हा तो भाग. या मुलांसाठी रांग नाही. पालक थांबलेले नसतात, मुलेच थांबलेली असतात.

फाईलमध्ये निदान होते, दोन्ही कानांना अतितीव्र श्रवणदोष. म्हणजे मुलगी जन्मापासून जवळजवळ ठार बहिरी आणि म्हणून मुकी. यजमान खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “डॉक्टर, घ्यावी की नाही, एवढंच सांगा. तुम्ही म्हणाल तसं.”

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी एकदा दोन मिनिटांत दिले होते. ती हकिकत आधी सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचे नीट कळणार नाही.

१९९८ साल असेल. मला प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षे झाली होती. तेव्हा या रस्त्याला आजच्यासारखे टॉवर नव्हते, कारखाने होते, आणि माझे बहुतेक पेशंट त्या कारखान्यांतले कामगार. त्यांतल्याच एका जोडप्याला लग्नानंतर नऊ वर्षे मूल नव्हते. एका संस्थेने त्यांना चार महिन्यांचे एक बाळ दाखवले आणि प्रामाणिकपणे सांगितले, की आईला एचआयव्हीची लागण होती आणि बाळाची रक्ततपासणीही ‘पॉझिटिव्ह’ आली आहे. कागद घेऊन ते माझ्याकडे आले. मी कागद पाहिला, आणि म्हणालो, “जाणूनबुजून आगीत हात कशाला घालता?” त्यांनी बाळ घेतले नाही.

मला तेव्हा जे ठाऊक असायला हवे होते ते असे. नेहमीची एचआयव्ही चाचणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. ही प्रतिपिंडे आईच्या रक्तातून बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. त्यामुळे लागण झालेल्या आईच्या प्रत्येक बाळाची ही चाचणी सुरुवातीला पॉझिटिव्हच येते, बाळ पूर्ण निरोगी असले तरी. काहीही औषध न दिलेल्या आयांच्या बाळांतसुद्धा निम्म्याहून अधिक बाळांना लागण होत नाही. आज गरोदरपणात औषधे नीट घेतली तर शंभरातल्या पाचांहून कमी बाळांना होते. बाळाची खरी तपासणी दीड महिन्याचे असताना विषाणूच्या जनुकीय चाचणीने करतात आणि दीड वर्षानंतर पुन्हा खात्री करतात. आणि लागण झालेलीच असेल, तरी रोजच्या गोळ्यांवर ही मुले शाळेत जातात, नोकरीला लागतात, लग्ने करतात.

हे मला पुढे चार-पाच वर्षांनी एका वैद्यकीय व्याख्यानात कळले. त्या रात्री जेवण गेले नाही. आमच्या सौ.ने विचारले, काय झाले? मी सांगितले नाही. त्या जोडप्याला पुढे मूल झालेच नाही, दत्तकाचा विषयही त्यांनी पुन्हा काढला नाही. दोघेही अजून रक्तदाब तपासायला माझ्याकडेच येतात. एकदा मी त्यांना सारे सांगून टाकले. यजमान गप्प राहिले. बाई एवढेच म्हणाल्या, “मग त्या बाळाचं पुढे काय झालं असेल हो?” ते मला सांगता आले नाही.

म्हणून त्या पावसाळी रात्री मी शटर पूर्ण खाली ओढायला सांगितले, चहा मागवला आणि फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. दत्तक इच्छुकांना मुलाचा वैद्यकीय अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून तपासून घेण्याचा हक्क नियमांनीच दिलेला आहे. तो अवश्य वापरावा. आणि ज्या डॉक्टरकडे न्याल त्याने दोन मिनिटांत उत्तर दिले, तर दुसरा डॉक्टर शोधावा.

‘विशेष गरजा’ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर एकच चित्र येते, चाकाच्या खुर्चीतले, मान न धरणारे मूल. प्रत्यक्षात या एका शिक्क्याखाली फार निरनिराळी मुले येतात. दुभंगलेल्या ओठांचे बाळ असते, ज्याचा ओठ काही महिन्यांचे असताना आणि टाळू पुढे वर्ष-सव्वा वर्षाच्या आसपास शिवता येते. आत वळलेल्या पावलांचे मूल असते. दर आठवड्याला एक असे पाच-सहा वेळा प्लास्टर बदलत पाऊल सरळ होते, मात्र नंतर चार वर्षांचे होईपर्यंत रात्री पट्टीचे बूट घालावे लागतात. कंटाळून पालकांनी बूट सोडले की पाऊल पुन्हा वळते. हृदयाला छिद्र असलेले मूल असते. खालच्या कप्प्यांमधली लहान छिद्रे कित्येकदा आपोआप बुजतात आणि मोठ्यांवर इलाज आहे. थायरॉईड कमी असलेले बाळ असते. रोजची एक छोटी गोळी वेळेवर सुरू झाली तर त्याच्यात आणि तुमच्या-आमच्या मुलात फरक राहत नाही.

आणि अर्थातच अशीही मुले असतात ज्यांची गरज आयुष्यभराची आहे. सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागणारा थॅलॅसेमिया. इथे गोड बोलून उपयोग नाही. प्रेमाने सगळे ठीक होते हे सिनेमात. प्रेमाने स्नायूंचा ताठरपणा जात नाही, त्याला रोजचा व्यायाम लागतो, आणि तो करून घ्यायला घरातले एक माणूस रोज मोकळे लागते.

अहवालात आणखी एक शेरा वारंवार दिसतो, ‘विकास उशिरा’. दीड वर्षाचे मूल, अजून चालत नाही, बोलत नाही. हा शेरा फार जपून वाचावा लागतो. संस्थेत कितीही मायेने सांभाळले तरी एका दाईच्या वाट्याला अनेक पाळणे येतात. मूल रडले की लगेच कोणी उचलेलच असे नाही, ते ‘ब’ म्हणाले की ‘बाबा का रे?’ म्हणणारे कोणी नसते. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे २००० साली अमेरिकन संशोधकांनी अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून कुटुंबांत ठेवली, बाकीच्यांचा सांभाळ नेहमीप्रमाणे चालू राहिला. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसांशी जुळवून घेणे दोन्ही सुधारले, आणि जी दोन वर्षांच्या आत घरात गेली त्यांचे सर्वांत जास्त. तेव्हा ‘उशीर’ मुलाचा किती आणि पाळण्याचा किती, हे मुलाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. डोक्याचा घेर वयाप्रमाणे वाढतो आहे का, मूल डोळ्यांत पाहते का, अनोळखी माणूस पाहून बिचकते का, हे मी आधी बघतो. बिचकणारे मूल मला चांगले लक्षण वाटते. कोणाच्याही कडेवर जाणाऱ्या मुलाची मला अधिक काळजी वाटते, कारण त्याचे ‘आपले’ असे कोणीच नसते.

आता आमच्या मुलीकडे येऊ. फाईलमध्ये मेंदूपर्यंत आवाजाचे संदेश पोहोचतात का ते पाहणारी बेरा चाचणी होती, दोन्ही कानांची. वजन-उंची वयाच्या मानाने थोडी कमी. बाकी चालणे, हाताची पकड, ठोकळे रचणे वयाप्रमाणे. “हुशार आहे,” मी म्हणालो, “ऐकू येत नाही म्हणून बोलत नाही, एवढंच.” पण लगेच पुढचेही सांगितले. अशा मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट नावाचे यंत्र शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवता येते. अट अशी, की आतला शंख आणि श्रवणाची नस जागेवर हवी. ते स्कॅनमध्ये कळते, आणि तो स्कॅन फाईलमध्ये नव्हता. दुसरी अट वयाची. मेंदूचा बोलणे शिकण्याचा काळ पहिल्या काही वर्षांचा असतो, पाच वर्षांनंतर बसवलेल्या यंत्राचा जन्मतः बहिऱ्या मुलाला फारसा लाभ होत नाही. केंद्र सरकारची जी योजना आहे तीही पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. या कामासाठी वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, हे आपल्या भागाचे भाग्य.

मग मी त्यांना कठीण प्रश्न विचारले. यंत्र बसवल्यावर मूल दुसऱ्या दिवशी बोलत नाही. महिन्याभराने यंत्र चालू करतात, आणि तिथून दोन-तीन वर्षे वाचाउपचार. आठवड्यातून दोनदा थेरपिस्ट, बाकीचे दिवस घरी. मंगळवारी सकाळी दहा वाजता तिला घेऊन कोण जाणार? घोडबंदर रोडवरून वांद्र्याला जाऊन यायला अख्खा दिवस जातो. शिकवण्या बंद कराव्या लागतील, तेवढे पैसे कमी येतील ते चालेल का? यंत्राची वायर तुटते, बॅटऱ्या संपतात, तो खर्च योजनेत नाही. आणि स्कॅनमध्ये नसच नाही असे निघाले तर? मग तुम्ही दोघे आणि तुमचा मुलगा खुणांची भाषा शिकाल का?

शेवटच्या प्रश्नावर यजमानांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, “आमच्या पोटी झाली असती तर हे विचारलं असतंत का?” मी म्हणालो, “नसतं विचारलं. पण तेव्हा सांगायला वेळ मिळत नाही. आत्ता मिळतोय.”

घरात सासूबाईंचा विरोध होता. त्यांचे म्हणणे मला त्यांनी स्वतः येऊन ऐकवले. “एक सोन्यासारखा नातू आहे, मग हे दुखणं विकत कशाला घ्यायचं? आणि कोणाचं रक्त, कोणास ठाऊक.” आजींना मी काय सांगणार? एवढेच म्हणालो, की जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात उघडलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात एका विधवेला झालेला मुलगा त्यांनी पुढे, १८७४ मध्ये, दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने रोग्यांची सेवा केली. आजी म्हणाल्या, “ती मोठी माणसं.” त्यांचे अगदीच चूक होते असे नाही.

पण साधी माणसेही हे करत आली आहेत. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांचा आश्रम आहे. टाकून दिलेली अंध, मूकबधिर, गतिमंद मुले त्यांनी वाढवली, शंभराहून अधिक, आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव लावले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची मानसकन्या माला पापळकर, जी जळगाव रेल्वे स्थानकावर कचऱ्याच्या डब्यात सापडली होती आणि जिला दिसत नाही, लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत उत्तीर्ण झाली. बाबांचा वर्षानुवर्षांचा आग्रह मला पुरस्काराहून महत्त्वाचा वाटतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाने बालगृह सोडायचे, हा नियम मतिमंद मुलाला कसा लावता? त्याने जायचे कुठे?

पुण्यात नोकरी करणारे आदित्य तिवारी यांनी १ जानेवारी २०१६ रोजी डाऊन सिंड्रोम असलेले एक मूल दत्तक घेतले, तेही लग्नाआधी, एकट्याने. मध्य प्रदेशातल्या त्या बाळाच्या हृदयालाही छिद्र होते. एकट्या माणसाला दत्तकासाठी तिशीची जी अट होती ती पंचविशीवर आली, तेव्हा कुठे त्यांना ते जमले.

नियमांबद्दल थोडे, कारण दवाखान्यात लोक विचारतात. नोटरीच्या स्टँपपेपरवर मूल दत्तक होत नाही. ‘अमक्या नर्सिंग होममध्ये एक बाळ आहे, गुपचूप मिळेल’ असा निरोप आला तर तो गुन्ह्याचा निरोप आहे, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही. टाकलेले मूल दिसले तर १०९८ वर फोन करावा. २०२२ च्या नियमांप्रमाणे ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुले आहेत त्यांना परक्याचे मूल घ्यायचे तर विशेष गरजांची किंवा घर मिळायला कठीण गेलेली मुलेच घेता येतात. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ९० पर्यंत चालते, आठच्या पुढच्या मुलासाठी ११० पर्यंत. आपल्याकडे डोंबिवलीत ‘जननी आशीष’, पुण्यात ससूनच्या आवारातले १९७३ पासूनचे ‘श्रीवत्स’ अशा संस्था आहेत. तिथे जाऊन माहिती विचारायला पैसे पडत नाहीत.

देशात २०२४-२५ या वर्षात ४,५१५ मुले दत्तक गेली, त्यांतली ४,१५५ देशातल्या घरांत. परदेशी जाणाऱ्यांत विशेष गरजांच्या मुलांचा वाटा मोठा असतो. तिकडचे लोक देवमाणसे आणि आपण दगड, असे मी मुळीच म्हणणार नाही. तिकडे थेरपिस्ट शाळेत असतो, बसला उतार असतो. इथे आमच्या फुटपाथवरून धडधाकट माणूस चालू शकत नाही. पण एवढे सांगतो, की मदत पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे आणि ती लोकांना माहीत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी ‘निरामय’ हा वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. बहिऱ्या मुलांना तो लागू नाही. ‘आमच्यामागे कोण?’ हा जो प्रश्न प्रत्येक आईला रात्री झोपू देत नाही, त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून अठरा वर्षांनंतरचा कायदेशीर पालक नेमून घेता येतो. हे काम आईवडील हयात असतानाच करून ठेवावे.

कायमचे दत्तक घेण्याचे धाडस होत नसेल त्यांच्यासाठी काही काळ सांभाळ करण्याची, प्रतिपालकत्वाची, सोयही आहे. २०२४ च्या नव्या सूचनांनुसार एकटी व्यक्तीही असे मूल सांभाळू शकते, आणि दोन वर्षे मूल घरात रुळले तर पुढे दत्तकासाठी अर्ज करता येतो. आमच्याकडे ही पद्धत अजून फारशी रुजलेली नाही. मूल लावून घ्यायचे आणि परत द्यायचे, हे आपल्या मनाला पटत नाही.

तर, ती मुलगी. सप्टेंबरात घरी आली. स्कॅनमध्ये शंख आणि नस दोन्ही जागेवर निघाले, तो निरोप द्यायला यजमान रस्त्यातूनच फोनवर ओरडत होते. शस्त्रक्रियेआधी मेंदूज्वर होऊ नये म्हणून न्यूमोकॉकसची लस लागते, ती मीच टोचली. तेव्हापासून माझे आणि तिचे वैर. पुढच्या मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली, जूनमध्ये यंत्र चालू केले. पहिला आवाज ऐकून ती हसली नाही. घाबरून किंचाळली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून बसली. बाई त्या दिवशी फार रडल्या. थेरपिस्टने त्यांना समजावले, की असेच होते.

मधले महिने सोपे नव्हते. शिकवण्या बंद झाल्या. मुलगा वर्गात मागे पडला आणि एकदा माझ्यासमोर म्हणाला, “आई माझ्याशी बोलतच नाही, दिवसभर तिलाच ‘बॉल, बॉल’ म्हणत बसते.” त्याचे खरे होते. मी बाईंना सांगितले, की रोज अर्धा तास त्याचा एकट्याचा. आजी अजूनही ‘दुखणं’ हा शब्द वापरतात, मात्र यंत्राच्या बॅटऱ्या रात्री चार्जिंगला त्याच लावतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

आता ती चार वर्षे पुरी करून पुढे आली आहे. शब्द बरेच झालेत, वाक्ये दोन-तीन शब्दांची. ‘र’ आणि ‘स’ अजून जमत नाहीत. मागच्या आठवड्यात तापासाठी आणली होती. मी ट्रेमधली सिरिंज उचलली आणि नेहमीच्या सुरात म्हणालो, “काही होणार नाही हं, मुंगी चावेल फक्त.” तिने माझ्याकडे पाहिले, कानामागचे यंत्र स्वतःच्या हाताने काढले, आजींच्या मुठीत ठेवले आणि तोंड भिंतीकडे वळवले.